कर्नलसाहेबांची भिकबाळी

कर्नल श्रीधर नलावडे यांच्याइतका हट्टी माणूस मी सैन्यात पाहिला नाही, आणि सैन्यात हट्टी माणसांची काही टंचाई नसते. मी लेफ्टनंट म्हणून त्यांच्या कंपनीत आले तेव्हा ते मेजर होते. एका सरावात नकाशावरची पायवाट दरडीखाली गेलेली होती, तरी त्यांनी आम्हाला त्या दरडीवरूनच नेलं, कारण आदेशात तीच पायवाट लिहिलेली होती. सगळ्यांचे गुडघे फुटले, सराव बोंबलला, आणि संध्याकाळी आमच्या ग्लासांत रम ओतत ते म्हणाले, "कल्याणी, ठरलं म्हणजे ठरलं. नाहीतर माणसानं ठरवायचंच कशाला?"

पुढे ते पलटणीचे कमांडिंग ऑफिसर झाले आणि मी, मेजर कल्याणी दरेकर, त्यांची दुय्यम अधिकारी झाले. तोवर जग पुष्कळ पुढे गेलं होतं, साहेब दरडीवरच होते. अशा माणसाला हरभऱ्याएवढ्या एका वस्तूनं बदललं, यावर आधी माझाही विश्वास बसला नाही.

त्या वस्तूचं सरकारी नाव 'अनुकूलक'. कानाच्या वरच्या खळग्यात ती बसवतात. आमची पलटण बहुतेक सातारा-सांगलीकडची. साहेबांच्या कानात ती पहिल्यांदा चमकली त्याच दिवशी जवानांच्या लंगरात तिचं बारसं झालं : भिकबाळी. "साहेबांचं लगीन ठरलं जनू," असं कोणीतरी म्हणालं, आणि साहेबांनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

ती काय करते ते डॉ. सोहोनींनी मला समजावलं होतं. भिकबाळी तयार करणाऱ्या चमूतल्या या बाई, बोलायला अगदी सरळ. मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, नीलबिंदू. समोर घडणारं आणि आपण धरून चाललेलं यांत फरक पडला, की हा पुंजका एक रसायन सोडतो आणि बाकीच्या मेंदूला कळवतो की आधीचा अंदाज बाजूला ठेवा, नव्यानं बघा. माणूस थकलेला असला, घाबरलेला असला, किंवा फार अनुभवी असला, की हा निरोप दबून जातो. धोका दिसतो, पण पाय जुन्याच वाटेनं चालत राहतात. मेंदूकडे जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची बारीकशी फांदी कानाच्या त्या खळग्यात येते. तिच्याबरोबर दिलेल्या गॉगलमधला सूक्ष्म कॅमेरा बुबुळं पाहत असतो. बुबुळ आश्चर्यानं मोठं झालं आणि तरी माणूस जुन्यालाच चिकटून राहिला, तर भिकबाळी त्या फांदीला मुंगी चावल्याएवढा विजेचा झटका देते. निरोप पोचतो. माणूस जुनं सोडतो.

"म्हणजे हट्ट जातो," मी म्हणाले.

"हट्ट, खंत, चुटपुट, सगळ्याची पकड सैल होते," सोहोनी म्हणाल्या. "मेंदूच्या लेखी ही सगळी एकाच जातीची. जे संपलंय त्याला धरून बसणं."

हे वाक्य त्या चांगल्या अर्थानं बोलल्या होत्या.

आमची नेमणूक होती छोलामच्या खोऱ्यात. वर हिमनद्या वितळून साचलेले दोन तलाव, खाली गावं, आणि तलाव फुटलाच तर माणसं काढायला आम्ही. पहिला तलाव जूनमध्ये एका सकाळी फुटला.

त्या दिवशीचे नलावडेसाहेब मी जन्मात विसरणार नाही. आधीची योजना साधी होती : मोटारपुलावरून खालचं गाव रिकामं करायचं. आम्ही पोचायच्या आत पूल गेला. भिकबाळीआधीचे साहेब असते तर पुलाच्या जागेवर उभं राहून पुलाला शिव्या देत बसले असते. या साहेबांनी शाळेच्या ओसरीत सगळ्यांना गोळा केलं आणि दुसरी योजना सांगितली : नदी जिथं अरुंद होते तिथं दोर टाकायचा. नाईक भागवत पिसाळची टोळी दोर घेऊन गेली, अर्धा दोर ताणूनही झाला, तेवढ्यात वर तलावाजवळ बसवलेल्या यंत्रानं दुसऱ्या लोंढ्याची खबर दिली. साहेबांनी दोरवाल्यांना माघारी बोलावलं, पुन्हा ओसरी, आणि तिसरी योजना : नदीकडे कोणी जायचं नाही, सगळ्यांनी बकऱ्यांच्या वाटेनं डोंगराच्या धारेवर चढायचं आणि गावकऱ्यांना वरून काढायचं.

प्रत्येक वेळी आदेश संपला की साहेबांनी विचारलं, "कोई शक?"

आणि प्रत्येक वेळी आम्ही सगळे ओरडलो, "नहीं साब!"

सैन्याबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आदेशाच्या शेवटी हा प्रश्न येतो आणि हे उत्तर येतं. मी प्रशिक्षणार्थी होते तेव्हापासून ऐकतेय, 'मला शंका आहे' असं म्हणणारा माणूस मी कधी पाहिला नाही. आरतीनंतर 'मोरया' म्हणताना कोणी विचार करतो का? तसंच ते. शिवाय शंका काढणारा तो बावळट, असं जवानांत समजतात. अधिकाऱ्यांत तर त्याहून जास्त समजतात.

पिसाळ दुसऱ्या रांगेत होता. त्याच्या मनात एक शंका होती, ती नंतर त्याच्या टोळीतल्या वाचलेल्यांनी सांगितली. दोर खालीच राहिला होता. तो आणायचा की सोडायचा, हे तिसऱ्या आदेशात नव्हतं. सरकारी दोर! आमच्यात माणूस एक वेळ हाताचं बोट गमावेल, पण सरकारी सामान टाकून येणार नाही. हरवलेल्या पाण्याच्या बाटलीवर इथं चौकशी बसते, टोमणे वर्षभर पुरतात. पिसाळ "नहीं साब" ओरडला, दोन शिपायांना घेऊन खाली गेला, म्हणाला दोर गुंडाळतो आणि मागनं येतो. लोखंडे आणि गायकर हे ते दोन शिपाई. लोंढा आला तेव्हा तिघंही गुंडाळत होते.

गाव सगळं वाचलं. आमची तीन माणसं गेली.

त्याच संध्याकाळी जेवताना साहेब मला म्हणाले, "पिसाळ हवालदार व्हायचा होता. आता त्याच्या जागी कोण योग्य? मोरे बरा वाटतो." भाकरी मोडत, शांत आवाजात. तिन्ही घरांना त्यांनी स्वतः फोन केले होते, आणि चांगलं बोलले होते, मी ऐकलं होतं. कुठे खोट काढावी असं काही नव्हतं. फक्त ते झालं होतं, संपलं होतं, आणि साहेब पुढे निघाले होते.

पलटण मात्र निघाली नव्हती. सुभेदार मेजर ज्ञानदेव चिकणे हे जवानांतले सर्वांत ज्येष्ठ, नोकरीच्या तिसाव्या वर्षात कान अर्धे गेलेले, आवाज तेवढा शाबूत. ते माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहिले.

"चिकणेसाहेब, बसा."

"बसत न्हाई म्याडम. एकच सांगायचं हुतं. त्या टायमाला सगळ्यात मोठ्यांदा मी वरडलो. 'नहीं साब' म्हनून. मला तरी कुठं समजलं हुतं सगळं? तीन येळा फिरलं. माझ्या डोक्यात दुसराच आदेश हुता."

"माझ्याही," मी म्हणाले. ते खरं होतं.

चौकशी झाली. भिकबाळीतल्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष असा, की कर्नल नलावडे यांचे तिन्ही निर्णय त्या त्या क्षणी उपलब्ध असलेल्यांत सर्वोत्तम होते. बदलाचा वेग वाखाणण्याजोगा होता. हाताखालचे लोक त्या वेगाला कमी पडले. उपाय : पुढच्या वर्षी हवालदारांपर्यंत सर्वांना भिकबाळ्या. मी तो निष्कर्ष वाचला आणि मला हसू आलं, मग फार थकवा आला. घोडा पुढे पळाला म्हणून गाडीलाही चाबूक मारायचा, असला तो प्रकार होता.

मी साहेबांशी भांडायचं ठरवलं. सकाळी नाश्त्याला मेसच्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मी तयारीनं गेले होते, मुद्दे पाठ केले होते.

"सर, भिकबाळी काढा. तुम्ही वळता, पण मागच्या माणसांना वळायला वेळ लागतो. पूर्वी तुमच्या हट्टाचा त्रास व्हायचा, पण तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळायचं. आता कळत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चहाचा एक घोट घेतला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि भिकबाळी काढून बशीत ठेवली.

एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी ज्यांच्याशी भांडायला गेले होते ते तिथे नव्हतेच. समोरच्या पटणाऱ्या मुद्द्याला तिथल्या तिथे मान देणारं काहीतरी माझ्यासमोर बसून ऑम्लेट खात होतं, आणि मला माझे दरडीवरचे मेजरसाहेब हवे होते. ती बशी उचलताना मला रडू आलं.

ते परत आले, आठवड्याभरानं. पण सगळेच्या सगळे एकदम आले. मी त्यांना भांडारात बघितलं, दोरांच्या वेटोळ्यांसमोर जमिनीवर बसलेले. भांडारवाला भेदरून बाहेर उभा होता.

"पिसाळचा आवाज भसाडा होता गं," साहेब म्हणाले. "त्याचा 'नहीं साब' वेगळा ऐकू आला होता मला. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. आत्ता वाटतंय. सगळं आत्ताच वाटतंय, कल्याणी."

मी त्यांच्या शेजारी बसले. सोहोनी नंतर म्हणाल्या की असं होणारच. सोडलेलं पुसलं जात नाही, फक्त त्याचं वजन काढून ठेवलेलं असतं. ते वजन कुठे ठेवलेलं असतं ते त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. साहेबांना खालच्या इस्पितळात पाठवलं. नवे कमांडिंग ऑफिसर येईपर्यंत पलटण माझ्याकडे आली, आणि पलटणीबरोबर डबीतून एक नवी भिकबाळीही आली, माझ्या कानाच्या मापाची.

"वरचा मोठा तलाव भरतोय," सोहोनी फोनवर म्हणाल्या. "महिनाभरात काहीही होऊ शकतं. निदान वापरून तरी बघा, मेजर."

मी वापरून बघितली, आणि लबाडी कशाला करू, मला ती फार आवडली. जून महिन्यापासून माझ्या मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं. तिघांची नावं आठवत होती, पण टोचत नव्हती. तुटलेला जनरेटर, न आलेला शिधा, बदललेलं हवामान; एकेक अडचण यायची आणि मी तिच्या बाजूनं वाट काढून पुढे जायची. थकवा म्हणजे काय तेच विसरले. मग एका दुपारी निरंजनचा फोन आला.

निरंजन माझा नवरा. पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझी पुण्याला बदली कधी होईल याची वाट बघतो. हे दुसरं काम त्याचं पहिल्यापेक्षा जास्त काळ चाललंय.

"बंगळुरूला एक नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "घ्यावी असं वाटतंय."

"घे की," मी म्हणाले. "घर भाड्यानं देऊ. आईंना काही दिवस तुझ्या ताईकडे ठेवू, मग तिकडेच नेऊ. मी सुट्टीत तिकडे येईन. गाडी विकून टाक, तिकडे लागणार नाही."





"मी ठरवलं नव्हतं अजून," तो म्हणाला. "तू भांडशील म्हणून फोन केला होता. गेली बारा वर्षं आपण या घरासाठी रडतोय, आणि तू गाडीसकट ते निकालात काढलंस. जरा भांड ना, कल्याणी. निदान एकदा 'अरे पण' तरी म्हण."

मी 'अरे पण' म्हणायचा प्रयत्न केला. आतून काही येईना. मी फोन ठेवला, भिकबाळी काढली आणि डबीत बंद केली. मग दोन दिवस मी इतकी रडले आणि इतकी दमले की चिकणेसाहेबांनी स्वतः येऊन मला कुळथाचं कढण पाजलं. निरंजनशी मी तिसऱ्या दिवशी कडाकडा भांडले. तो इतका खूश झाला की काय सांगू.

पण डबी टेबलावर होती. तलाव भरत होता. भिकबाळी लावली तर माझी माणसं मागे राहतील. नाही लावली तर मीच मागे राहीन. पुन्हा कोणाला तरी फोन करून 'तुमचा मुलगा' म्हणून सुरुवात करावी लागेल, एवढं मला कळत होतं. कुठल्या बाजूनं, ते कळत नव्हतं.

मोठा तलाव ऑगस्टमध्ये, भर दुपारी फुटायला लागला. मी भिकबाळी लावली नाही. लोकांना ओसरीत जमवलं आणि ठरलेली योजना सांगितली : खालून सुरुवात करायची, एकेक वस्ती रिकामी करत नदी ओलांडून वर जायचं. शेवटची जागा नदीपलीकडची, उंचावरची मेंढपाळांची झोपडी. तिथं नोरबू नावाचा म्हातारा राहायचा. माणसं निघाली, खालच्या दोन वस्त्या झाल्या, आणि खबर आली की पाणी धारेखालच्या उतारावरून वाट फोडतंय, वरच्या वस्त्या आधी सापडणार. म्हणजे योजना उलटी करायची. आधी वरून.

मी सगळ्यांना परत बोलावलं. नवा आदेश सांगितला. आणि 'कोई शक' तोंडाशी आलं ते गिळलं.

"ज्याला शंका नाही," मी म्हणाले, "त्यानं एक पाऊल पुढे यायचं आणि आदेश मला सांगायचा. आपल्या शब्दांत."

कोणी हललं नाही. इतके धट्टेकट्टे गडी, एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे. चिकणेसाहेबांनी घसा खाकरला. मग ते पुढे आले आणि चुकीचं सांगितलं. अगदी साफ चुकीचं, सगळ्यांसमोर, त्या खणखणीत आवाजात. आजही मला वाटतं की त्या दिवसातलं सगळ्यांत धाडसाचं काम तेच होतं.

त्यानंतर शंकांचा बांध फुटला. "म्याडम, खालचा जनरेटर?" सोडा. "खेचरं?" सोडून द्या, ती आपली वर जातील. "स्ट्रेचर सरकारी हायेत म्याडम." सोडा! मी लिहून देते, सगळं मी हरवलं. यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून मी माझ्या कमरेची दुर्बीण काढून ओढ्यात फेकली. हवालदार मोरे म्हणाला की मी सांगतेय ती वाट मधल्या घळीत ओली असणार, पलीकडून जावं. मी विचारलं, खात्री आहे? तो म्हणाला, न्हाई. आम्ही नकाशावर वाकलो. वेळ जात होता. मला तो जाताना ऐकू येत होता, वरून, गडगडत. मोरेचं बरोबर निघालं, आम्ही वाट बदलली, पुन्हा सगळ्यांकडून वदवून घेतली. मगच तुकड्या निघाल्या.

मधली घळ आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तिच्यात आमचं कोणी नव्हतं. अंधार पडायच्या आत सगळी पलटण धारेवर होती, गावंही होती. नोरबूच्या झोपडीकडे जाणाऱ्या तुकडीला पाण्यानं अर्ध्या वाटेत अडवलं. ओसरीत घालवलेला वेळ हातात असता तर ती पोचली असती. मी हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे, तो बदलत नाही.

चौकशी यावेळी माझी झाली. एक ब्रिगेडियर आले होते, सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "बदललेला आदेश दिल्यापासून पहिली तुकडी हलेपर्यंत तुम्ही काय करत होता, मेजर?"

"समजावून सांगत होते, सर."

"उपकरण उपलब्ध होतं. का वापरलं नाही?"

"त्यानं मला लवकर कळलं असतं, सर. त्यांना नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. बदलत्या परिस्थितीत नेतृत्व : असमाधानकारक. नवे कमांडिंग ऑफिसर पुढच्या आठवड्यात येताहेत, आणि त्यांच्याबरोबर पेटीभर भिकबाळ्या. मला पुण्याला एका कार्यालयात पाठवताहेत. निरंजनला हे कळलं तेव्हा तो आनंदानं ओरडला, मग माझा आवाज ऐकून जेवलीस का ते विचारू लागला. सोहोनींचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, तुम्ही फार दमलेल्या वाटता. काही दिवस ती लावा, झोप तरी लागेल. खोटं नाही, मला झोप हवी होती. मी बघते म्हणाले.

त्या दिवशी चौकशीच्या तंबूतून बाहेर आले तर एक बाई उभी होती. नोरबूची मुलगी, पेमा. खालच्या गावात राहायची, तिला आम्ही पहिल्याच फेरीत काढलं होतं. बापाला न्यायला ती तीन दिवस वाट बघत होती, आणि आता न्यायला काही उरलं नव्हतं. तिनं तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "बाबांकडे कोणी का नाही गेलं?"

सांगता आलं असतं. लोंढा अचानक आला, वाट खचली, आम्ही निघालो होतो. यातलं एकही खोटं नव्हतं. पण मी म्हणाले, "गेलो. उशिरा गेलो. माझ्या माणसांना वाट समजावण्यात मी वेळ घेतला. नाहीतर ती माणसं घळीत वाहून गेली असती."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं माझ्या मागे पाहिलं. लंगरासमोर चहाची वेळ झाली होती आणि सगळी पलटण हातात मग घेऊन उन्हात उभी होती, चिकणेसाहेब, मोरे, सगळे. कोणी कोणाला काहीतरी सांगून हसत होता. पेमाचे ओठ हलायला लागले. एकेका माणसावर तिची नजर थांबायची आणि पुढे जायची.

ती मोजत होती. मी बाजूला सरले आणि तिचं मोजून होईपर्यंत तिथेच उभी राहिले.